कोण कोणावर अवलंबून

'अवलंबून' हे 'अवलंबणे' या क्रियापदाला 'ऊन' प्रत्यय लागून झालेले रूप आहे. करून, जाऊन, बसून ही रूपे जशी होतात तसेच हेही. फरक असा की करून किंवा जाऊन यांच्यापुढे वाटेल ते क्रियापद येऊ शकते. 'अवलंबून' मात्र आज बहुतेक वेळा 'असणे' नाहीतर 'राहणे' यांच्याच सोबतीने येते, आणि ज्याचा आधार घेतला त्याला 'वर' लागते. पाण्यावर अवलंबून, मुलावर अवलंबून, बाजारावर अवलंबून. मुळाशी संस्कृतातला 'लम्ब्' हा धातू आहे, त्याचा अर्थ लोंबणे, टांगलेले असणे. लंबक, विलंब, आलंबन हे शब्द त्याच घराण्यातले.

मूळ क्रियापद सकर्मक आहे आणि त्याचा रोख अगदी वेगळा आहे. एखाद्याने मार्ग अवलंबला, धोरण अवलंबले, धंदा अवलंबला असे म्हटले की त्यात निवड असते. कर्ता स्वतः हात पुढे करून काहीतरी धरतो. तोच 'अवलंबून आहे' झाला की टांगला जातो, आणि दोर कोणाच्या तरी दुसऱ्याच्या हातात असतो. एकाच धातूची ही दोन टोके भाषेने शेजारी शेजारी ठेवली आहेत. आधार धरणे आणि आधाराला लटकणे यांत आधाराची गरज सारखीच असते. वेगळे असते ते एवढेच, की सोडायचे ठरवले तर सोडता येते की नाही.

शब्दाचा आणखी एक वापर आहे, तो माणसांच्या नात्याचा नाही, अटीचा आहे. पालघरच्या पश्चिमेला असलेल्या सातपाटी बंदरात 'बोट आत कधी येणार ते भरतीवर अवलंबून' हे वाक्य उच्चारताना कोणाला कमीपणा वाटत नाही. सातपाटी आणि मुरबे यांच्यामधली खाडी गाळाने भरत गेली आहे. पाणी चढल्याशिवाय भरलेल्या बोटीला तळ लागतो. दिवसात दोन भरत्या, त्यांची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकणारी. उधाणाला पाणी खूप चढते, भांगाला तेवढे चढत नाही. भरती निघून गेली की बोट खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून थांबते. खणात मासळी असते, मासळीवर बर्फ असतो, आणि बर्फ वितळत असतो. किनारा समोर दिसत असूनही माल काट्यावर चढत नाही. आता भरती ही निसर्गाची अट आहे, ती पूर्वजांनाही होती. गाळ मात्र निव्वळ निसर्गाचा म्हणता येत नाही. तो काढायचा की नाही, कधी काढायचा, हे माणसे ठरवतात. म्हणजे 'भरतीवर अवलंबून' या निरुपद्रवी वाक्यात 'गाळ काढण्याच्या मंजुरीवर अवलंबून' हे दुसरे वाक्य दडलेले असते. अटीचा अर्थ आणि नात्याचा अर्थ असे एकमेकांत मिसळतात, आणि बोलणाऱ्यालाही अनेकदा ते वेगळे करता येत नाहीत.

मराठीत या एका शब्दाभोवती बरेच शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. 'मदार' हा अरबीतून आलेला. मूळ अर्थ ज्याभोवती फिरायचे तो आस. एखाद्या संघाची मदार एका गोलंदाजावर आहे असे म्हटले की बाकीचे निकामी आहेत असा अर्थ होत नाही, ते त्याच्याभोवती फिरतात एवढेच. 'भिस्त' ठेवली जाते, म्हणजे तीत ठेवणाऱ्याचा निर्णय आहे. 'भरवसा' मनाचा आहे, तो बसतो आणि उडतो. 'मिंधा' मध्ये उपकाराचे ओझे आहे. मिंध्या माणसाला मान वर करून बोलता येत नाही. आणि 'जिवावर' हा शब्द तर सगळ्यात उघडा. 'बापाच्या जिवावर उड्या मारतो' ही निंदा आहे, पण 'तुमच्या जिवावर हे काम अंगावर घेतले' हा गौरव आहे. शब्द तोच, बोलणारा बदलला की चव बदलते. पहिल्या वाक्यात तिसराच माणूस दुसऱ्याच्या परावलंबनावर बोट ठेवतो. दुसऱ्यात ज्याने आधार घेतला तोच ते सांगतो आणि सांगताना लहान होत नाही.

यांतला भरवसा आणि अवलंबून असणे हा फरक विशेष महत्त्वाचा आहे, कारण रोजच्या बोलण्यात तो पुसला जातो. भरवसा नसतानाही माणूस अवलंबून असू शकतो. ज्या व्यापाऱ्याच्या काट्यावर विश्वास नाही त्याच व्यापाऱ्याला मासळी घालावी लागणे ही मासेमारीतली जुनी गोष्ट आहे. उलट पूर्ण भरवसा असूनही अवलंबून नसणे हेही शक्य आहे, जसे जुन्या मित्राच्या बाबतीत असते. अवलंबून असणे ही परिस्थिती आहे, भरवसा हे मत आहे. परिस्थिती मतावरून बदलत नाही. 'विश्वास ठेवा, सगळे नीट होईल' हा सल्ला ज्याच्यापाशी दुसरा पर्यायच नाही त्याला देण्यात म्हणून काही अर्थ नसतो.

'विसंबणे' या शब्दाकडे थोडे थांबून पाहायला हवे. आई तान्ह्या मुलाला क्षणभरही विसंबत नाही, म्हणजे त्याला नजरेआड करत नाही. आणि दुसऱ्यावर विसंबू नये, म्हणजे सगळा भार त्याच्यावर टाकून मोकळे होऊ नये. वरवर हे दोन अर्थ उलटे वाटतात. पहिल्यात सोडणे आहे, दुसऱ्यात धरणे. पण दोन्हींच्या तळाशी एकच कृती आहे, लक्ष काढून घेणे. जो विसंबतो तो पाहणे थांबवतो. समर्थ रामदासांनी दासबोधात राजकारणाच्या निरूपणात दिलेला, दुसऱ्यावर भार टाकणाऱ्याचे काम बुडते या आशयाचा इशारा मराठी माणसाच्या तोंडी म्हणीसारखा बसला आहे. तो सहसा 'कोणाची मदत घेऊ नका' अशा अर्थाने वापरला जातो, आणि ते बरोबर नाही. ज्या ग्रंथात समुदाय जमवण्याबद्दल, माणसे जोडण्याबद्दल, कामे वाटून देण्याबद्दल इतके सांगितले आहे, तो ग्रंथ एकट्याने जगण्याचा उपदेश करत असेल हे संभवत नाही. आक्षेप मदतीला नाही, पाहणे थांबवण्याला आहे. काम दुसऱ्याला द्यावे, पण हिशेब पाहत राहावे.

येथवर क्रियापदे होती. 'परावलंबी' हे विशेषण आले की गोष्टीचे वळण बदलते. 'तो अमक्यावर अवलंबून आहे' हे एका स्थितीचे वर्णन आहे, त्यात 'अमका' आहे, आणि उद्या स्थिती बदलेल याला जागा आहे. 'तो परावलंबी आहे' या वाक्यातून अमका नाहीसा होतो. कोणावर, कशासाठी, कधीपासून, कोणत्या अटींवर, यातले काहीच सांगायची गरज उरत नाही. उरतो तो माणसाचा स्वभाव, आणि तोही दोषासारखा. 'स्वावलंबी' हा त्याच्या समोरचा गुण. शाळेतल्या निबंधापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत ही जोडी अशी वापरली जाते, की जणू माणसांचे दोनच प्रकार आहेत आणि एकातून दुसऱ्यात जाणे हा केवळ इच्छाशक्तीचा प्रश्न आहे.

स्वावलंबनाचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा प्रयोग पाहिला तर ही जोडी टिकत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद ठेवले. मुलांनी कमवायचे आणि शिकायचे. पण ही मुले कशी शिकली? वसतिगृहात एकत्र राहून, एकमेकांच्या हाताला हात लावून, रयतेने दिलेल्या धान्यावर, आणि प्रसंगी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काढून दिलेल्या दागिन्यांवर. यातले कोणी कोणावर अवलंबून नव्हते असे म्हणणे खोटे होईल. सगळेच सगळ्यांवर अवलंबून होते. त्याला स्वावलंबन म्हणण्याचा अधिकार त्या संस्थेला मिळाला याचे कारण वेगळे आहे. मुलगा घेत होता तसा देतही होता, त्याचे कष्ट मोजले जात होते, आणि कोणा एका धनिकाची मर्जी गेली म्हणून त्याचे शिक्षण थांबणार नव्हते.

हीच गोष्ट सातपाटीत अधिक स्पष्ट दिसते, कारण तिथे ती पावतीवर लिहिलेली असते. सातपाटीची ओळख पापलेटमुळे आहे. दालदी जाळ्यांनी, म्हणजे ज्यांना गिलनेट म्हणतात त्यांनी, धरलेला इथला सरंगा, म्हणजे पापलेटच, देशाबाहेर जातो. या माशाला २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून घोषित करण्यात आले. मोठा पैसा देणारी ही मासळी, पण नाशवंत. बर्फाशिवाय ती काही तासांची. मासेमाराकडे ती धरण्याचे कौशल्य असते; थांबवून ठेवण्याची ताकद नसते. किनाऱ्यावर सावकार आणि दलाल उभे राहिले ते या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत. हंगामाच्या सुरुवातीला जाळ्यासाठी, डागडुजीसाठी, पावसाळ्यात घर चालवण्यासाठी आगाऊ रक्कम द्यायची आणि तिच्या बदल्यात हंगामभराची मासळी आपल्याच भावाने घ्यायची, ही रीत जगातल्या अनेक मासेमारी किनाऱ्यांवर आढळते. व्याज कागदावर असेलच असे नाही. ते भावात कापले जाते. कर्ज फिटले तरी नाते फिटत नाही, कारण पुढचा पावसाळा येतोच.

यावर सातपाटीने सहकाराचा मार्ग अवलंबला. सातपाटी मच्छीमार सर्वोदय सहकारी संस्था आणि सातपाटी मच्छीमार विविध कार्यकारी सहकारी संस्था या इथल्या दोन संस्थांनी मासळीची विक्री, डिझेल, बर्फ, जाळ्याचे साहित्य आणि कर्ज एका छपराखाली आणले. बोट लागते, पापलेट टोपल्यांतून वर येते, वजनावरून त्याची प्रत ठरते: सुपर, मग एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. पाचशे ग्रॅमच्या आसपासचे काही ग्रॅम इकडे किंवा तिकडे झाले तर दर बदलतो, म्हणून काट्याजवळ सगळ्यांचे डोळे असतात. प्रत्येक प्रतीचे वजन पावतीवर चढते, पावती बोटीच्या खात्यावर जाते. त्यातून डिझेल वजा होते, बर्फ वजा होतो, कर्जाचा हप्ता वजा होतो. उरलेले बोटवाल्याचे.

या व्यवस्थेत मासेमार कमी अवलंबून झाला का? मोजायचे तर जास्तच झाला. पूर्वी तो एका व्यापाऱ्यावर होता. आता डिझेल, बर्फ, उधार, विक्री, अनुदान या सगळ्यांसाठी एकाच संस्थेवर आहे. तरी किनाऱ्यावर कोणी याला परावलंबन म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. व्यापाऱ्याच्या वहीत डोकावता येत नव्हते. संस्थेचे लेखापरीक्षण होते आणि ते सर्वसाधारण सभेपुढे येते. व्यापाऱ्याला बदलता येत नव्हते. संचालक मंडळ निवडणुकीत बदलते, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार सभासदाचे मत एकच, बोटी त्याच्या कितीही असोत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सभासदांनी मासळी घातली नाही तर संस्था बंद पडते. ती त्यांच्यावर तेवढीच अवलंबून आहे. १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी दुकान काढले तेव्हापासून सहकाराचा गाभा हाच राहिला आहे: अवलंबून असणे संपवायचे नाही, त्याच्या अटी बदलायच्या.

अटी बिघडल्या की सहकारही बिघडतो, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. ज्या संस्थेत सभासद सभेला जाणे सोडतो, निवडणूक बिनविरोध करणे हीच प्रतिष्ठा होते आणि अहवाल न वाचता मंजूर होतो, तिथे संस्था नावाने सहकारी राहते आणि कामाने जुना सावकार होते. तिथे सभासद विसंबलेला असतो, आणि तेही त्या शब्दाच्या पुऱ्या अर्थाने.

इंजिन आले तेव्हाची गोष्टही या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. शिडाची होडी वाऱ्यावर अवलंबून होती. वारा पडला की थांबायचे, फिरला की वाट बदलायची. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बोटींना इंजिने बसू लागली आणि वाऱ्याची ताबेदारी संपली. तिच्या जागी डिझेलची आली. वाऱ्याला पैसे पडत नव्हते, डिझेलला पडतात. म्हणून लांब जावे लागते, म्हणून मोठी बोट लागते, म्हणून कर्ज लागते. राष्ट्रीय सहकार विकास निगमाची स्थापना १९६३ ची; त्याच्या कर्जातून किनाऱ्यावर अनेक बोटी आल्या आणि थकबाकीही आली. डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा शासन देते, पण तो आधी भरून मग मिळतो, आणि उशिरा मिळतो. वाऱ्यावर अवलंबून असलेल्या नाखव्याला आभाळ वाचता येत होते. परताव्यावर अवलंबून असलेल्याला कोणते आभाळ वाचायचे ते सांगता येत नाही. म्हणून यंत्राने माणूस स्वावलंबी होतो हे विधान अर्धेच खरे आहे. तो जवळच्या, समजणाऱ्या गोष्टींवर अवलंबून राहणे सोडून दूरच्या, न समजणाऱ्या गोष्टींवर अवलंबून राहू लागतो. डोल जाळे याच्या उलट टोकाला आहे. ते खुंट्यांना बांधून प्रवाहात उभे करतात, भरती-ओहोटीचे पाणीच मासळी आणून घालते. डोलकर प्रवाहाला पूर्ण बांधलेला असतो, पण त्या प्रवाहाची नाडी त्याला घरातल्या माणसासारखी ठाऊक असते.

आतापर्यंत बोटवाल्याचा विचार झाला. बोटीवर तांडेल असतो, खलाशी असतात, आणि ते सगळे संस्थेचे सभासद असतात असे नाही. किनाऱ्यावर वाट्याची जुनी पद्धत आहे: खर्च वजा करून उरलेल्यातून बोटीचा आणि जाळ्याचा वाटा वेगळा, माणसांचा वेगळा. मासळी आली तर सगळ्यांना, नाही आली तर कोणालाच नाही. तोटा वाटून घेण्याची ही रीत कठोर असली तरी तीत एक समता होती. आता अनेक बोटींवर ठरावीक पगार आणि हंगामापूर्वीची उचल असते. उचल हा शब्दच बरेच सांगतो. खलाशी काम करण्याआधी पैसे उचलतो आणि मग ते फेडण्यासाठी हंगामभर बोटीवर राहतो. ज्या आगाऊ रकमेच्या फासातून बोटवाला सहकारामुळे सुटला, तोच फास एक पायरी खाली सरकला. समुद्रावर बोटवाला, तांडेल आणि खलाशी एकमेकांच्या जिवावर असतात, हे अक्षरशः खरे आहे. किनाऱ्यावर आल्यावर ते खरे राहत नाही.

डहाणू, तलासरी भागातले आदिवासी तरुण उचल घेऊन गुजरातमधल्या बोटींवरही जातात. त्यांतले कित्येक सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षानुवर्षे अडकतात. बोट कुठे न्यायची हे खलाशी ठरवत नाही. नकाशा त्याच्या हातात नसतो, यंत्रही नसते. ठरवले दुसऱ्याने, भोगले त्याने, आणि घरी बायको वाट पाहत असते ती दोन सरकारांच्या चर्चेची. अवलंबून असण्याचा याहून उघडा प्रकार सापडणे कठीण आहे, आणि तरीही या तरुणांना कोणी परावलंबी म्हणत नाही. ते तर कमवायला गेलेले असतात. परावलंबी हा शब्द राबणाऱ्याला सहसा लावत नाहीत, बसलेल्याला लावतात. म्हणून सगळ्यात घट्ट बांधलेली माणसे त्यातून निसटतात.

उलट दिशेनेही हाच घोळ होतो. जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रीची नोंद काम न करणाऱ्यांत होते. सरकारी अर्जात 'अवलंबित' या रकान्याखाली बायको, मुले, आईवडील एका ओळीत येतात. सातपाटीसारख्या गावात मात्र किनाऱ्यावर आलेली मासळी पैशात बदलते ती बऱ्याच अंशी बायकांच्या हातून. पापलेट संस्थेत जाते. बाकीची मासळी निवडायची, बोंबील वलांडीवर वाळत घालायचे, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा, भाव करायचा, उरलेले खारवायचे, आणि रात्री घरखर्चाचा मेळ घालायचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत बोट किनाऱ्यावर ओढलेली असते, आणि घर चालते ते सुकवून ठेवलेल्या मासळीवर आणि बाईने राखलेल्या पैशावर. त्या काळात कर्ता कोण आणि अवलंबित कोण हे रकान्यात लिहून दाखवणे अवघड आहे. ज्याचे नाव बोटीच्या नोंदणीवर तो कर्ता, ही कागदाची सोय आहे.

एकमेकांवर अवलंबून असण्याचा कठीण कस लागतो तो जिथे एकाचे पोट दुसऱ्याच्या संयमावर असते तिथे. पापलेट कमी झाले आहे, आणि त्याची कारणे मासेमार स्वतःच सांगतात: बारीक आसाची जाळी, वाढलेल्या बोटी, मोठ्या यांत्रिक बोटींची अतिरेकी मासेमारी, आणि वाढण्याआधीच धरली जाणारी पिल्ले. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकारमान ठरवले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. सातपाटीच्या एका बोटीने पिल्ले पाण्यात सोडली आणि शेजारच्या बंदरातल्या बोटीने धरली तर सोडणाऱ्याचे नुकसान होते, माशाचा फायदा होत नाही. वसई-उत्तनकडच्या मासेमारांनी समुद्रात ठोकलेल्या कवींवरून, म्हणजे जाळी बांधण्याच्या खुंट्यांवरून, सातपाटी-डहाणूकडच्या मासेमारांशी चाललेला जुना वादही याच जातीचा आहे. दोघेही मासेमार, दोघांचेही पोट त्याच पाण्यावर. अमेरिकेतल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामाईक साधनांच्या अभ्यासासाठी. लोकांनी आपसांत नियम केले, ते पाळले जातात की नाही हे स्वतः पाहिले आणि मोडणाऱ्याला जाब विचारला, तर सामाईक साधन टिकू शकते, असे त्यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवले. इथेही मुद्दा पाहत राहण्याचाच आहे. दुसरा बंदी पाळेल एवढा भरवसा पुरत नाही, तो पाळतो आहे हे दिसावे लागते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल बोलताना 'मुंबईवर अवलंबून असलेला जिल्हा' अशी भाषा सहज वापरली जाते. नोकरीला लोक मुंबईला जातात, मासळी मुंबईला जाते, मोठे रुग्णालय मुंबईचे. हे सगळे खरे आहे. पण तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देते आहे, ती याच किनाऱ्यावरून. त्याच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. सूर्या प्रकल्पाची धरणे पालघर-डहाणूच्या शेतीसाठी म्हणून बांधली, आणि त्यांतले पाणी आता नळांतून वसई-विरारला जाते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचा माल देशभर जातो, सांडपाणी इथल्या खाड्यांत आणि समुद्रात येते. तरी 'मुंबई महानगर पालघरवर अवलंबून आहे' हे वाक्य वर्तमानपत्रात क्वचितच दिसते. बलवानाच्या गरजेला भाषा दुसरी नावे देते: पुरवठा, नियोजन, राष्ट्रहित. दुर्बळाची गरज तेवढी अवलंबून असणे ठरते. हा शब्दकोशातला दोष नाही, वापरणाऱ्यांचा आहे, आणि तो दुरुस्त करता येण्याजोगा आहे. प्रत्येक वेळी वाक्य उलटे करून पाहावे लागते एवढेच.

कायद्याच्या भाषेत मात्र या शब्दाने एक मोठे काम केले आहे, आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. २००६ चा वनहक्क कायदा ज्यांना हक्क देतो त्यांची व्याख्या करताना उपजीविकेच्या खऱ्याखुऱ्या गरजांसाठी वनांवर अवलंबून असणे ही अट घालतो. तोवर जंगलावर अवलंबून असलेला माणूस हा वनखात्याच्या लेखी उपद्रव होता, अतिक्रमक होता. या कायद्याने त्याचे अवलंबून असणे हाच त्याच्या हक्काचा पुरावा केला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू या पालघरच्याच तालुक्यांत आदिवासी कुटुंबांनी या व्याख्येच्या बळावर दावे दाखल केले. जो शब्द समाजात लाज आणतो तोच इथे जमिनीवर पाय रोवायला उपयोगी पडला.

समुद्रासाठी असा कायदा नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्य करते, महाराष्ट्रात त्यासाठी १९८१ चा अधिनियम आहे. पण तो बोटींचे आणि जाळ्यांचे नियमन करतो, पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जगणाऱ्यांचा पाण्यावरचा हक्क सांगत नाही. डहाणू तालुक्यातल्या वाढवण इथल्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी रुपये. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली. मासेमारांच्या संघटनांनी त्याला विरोध केला आहे, आणि विरोधाचा गाभा हाच आहे की त्या पाण्यावर त्यांचे जगणे अवलंबून आहे. बंदर झाले तर कोणाचे किती नुकसान, याचा हिशेब मांडताना पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. कोणते कुटुंब समुद्रावर अवलंबून आहे, आणि ते कशावरून?

बोटवाल्याकडे उत्तर आहे. बोटीची नोंदणी आहे, मासेमारीचा परवाना आहे, संस्थेच्या सभासद नोंदवहीत नाव आहे, वर्षानुवर्षांच्या मासळीच्या पावत्या आहेत. संस्थेवर अवलंबून राहिल्यामुळे समुद्रावर अवलंबून असल्याचे कागद त्याच्या हाती आले. उचलीवर काम करणाऱ्या खलाशाकडे ते सहसा नसतात. त्याचा व्यवहार तोंडी असतो, आणि हंगाम संपला की तो डोंगराकडच्या आपल्या गावी निघून जातो. पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईकडे तर कुठलीच पावती नसते. ती रोख घेते, रोख देते. तिचा पुरावा द्यायचा तर बाजारातल्या ओट्याची नोंद, मासळी विकणाऱ्या स्त्रियांची यादी, संस्थेत तिच्या स्वतःच्या नावाचे सभासदत्व, यांतले काहीतरी आधी उभे करावे लागेल, आणि ते काम बंदराच्या सर्वेक्षणाची वाट न पाहता गावपातळीवर, संस्थांच्या आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात आजही सुरू करता येते.